राखीव गडी

अहो,

मिरजेच्या घाटावरच्या माणसानं तुम्हाला पाहिलं आणि तो पहिलं बोलला ते तुमच्या उंचीबद्दल. "लय लांब माणूस हाय. एवढ्या लाकडांत भागायचं न्हाई." माझे वडील, तात्या, म्हणाले, "मग वाढवा." सरणाची लांबी वाढेपर्यंत आम्ही उन्हात थांबलो. तात्यांनीच जावयाला अग्नी दिला, कारण तुमचे वडील, आबा, मेढ्याहून निघाले होते आणि अजून पोचले नव्हते. बायकांनी इथं थांबू नये, असं कुणीतरी हळूच म्हणालं. तात्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पलटणीत सुभेदार होते ते.

दवाखान्यातली खाटही तुम्हाला पुरली नव्हती. गजांतून पाय बाहेर यायचे म्हणून नर्सबाईंनी तिथं एक स्टूल आणून ठेवलं होतं. अंगावरचं मांस गेलं, आवाज गेला, शेवटी शेवटी डोळ्यांतली ओळखही जात-येत होती. उंची मात्र होती तेवढीच राहिली.

आता मी मेढ्यात आहे. येणारेजाणारे कमी झालेत. सोमवारपासून शाळेत जायचं आहे. जो येतो तो सांगतो, बाई, रडून घ्या, मोकळ्या व्हा. मला मोकळं व्हायचं नाही. आपलं भांडण अर्ध्यात राहिलं आहे आणि त्यात मी अजूनही माझ्याच बाजूची आहे.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवायची तेव्हा तुम्ही हसायचात, म्हणून आधी ती सांगते. लग्नात अंतरपाट धरला तो तुमच्या छातीपर्यंतच आला. धरणाऱ्यांनी हात उंचावले, टाचा वर केल्या, तरी तुमचा चेहरा वरून दिसतच राहिला. मंगलाष्टकं चालली होती आणि तुम्ही सरळ माझ्याकडे बघत होतात. सगळ्या मांडवाला ते दिसत होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी मान वर केली नाही. पुढे मी विचारलं तर म्हणालात, "मी बघत न्हवतो. मला दिसत व्हतं. त्याला मी काय करू?"

मी साताऱ्याची, तात्यांनी हट्टानं सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलेली. मेढ्याच्या मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली तेव्हा आबा ओसरीवरून म्हणाले होते, "सून शाळंत जानार, आन् ल्योक काय करनार?" त्याचं उत्तर बेचाळीस साली पलटणीनं दिलं. भरतीच्या रांगेत साहेबानं तुम्हाला छाती मोजायच्या आधीच बाजूला काढलं, असं तुम्ही सांगायचात. छावणीत मद्रासकडचा एक कसरत-मास्तर होता. त्यानं मैदानाच्या दोन टोकांना खांब रोवून वर लोखंडी कड्या बसवल्या होत्या. त्यानं तुमच्या हातात चेंडू दिला आणि कडीकडे बोट दाखवलं. तुम्ही हात वर केलात आणि चेंडू जवळजवळ ठेवूनच दिलात. मास्तर हसला नाही. म्हणाला, उद्यापासून परेडला येऊ नकोस, इकडे ये.

बास्केटबॉल हा शब्द मेढ्यात कुणाच्या जिभेवर बसला नाही. लोक म्हणायचे टोपलीचा खेळ.

तुम्ही ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेलात, परत आलात, पण लढाईचं तुम्ही मला कधी काही सांगितलं नाही. आपल्या जावळीतली किती पोरं तिकडे राहिली, त्यांच्या आया येऊन विचारायच्या, "दौलू, आमच्या पोराला तू बघितलंस का रं?" तुम्ही मान हलवायचात आणि उठून नदीवर जायचात. खेळाचं मात्र सगळं सांगायचात. जंगल तोडून केलेलं मैदान, चिखलात न उसळणारा चेंडू, पंजाबी पलटणीशी झालेला सामना. मला वाटायचं, तिकडचं सांगण्यासारखं तुमच्याकडे एवढंच होतं, म्हणून तुम्ही ते घट्ट धरून ठेवलं.

सुटीवर आलात तेव्हा पिंपाची एक कडी काढून खाचराच्या कडेच्या आंब्याला ठोकलीत. आबा लांबून बघत उभे. "पैलवान तरी झाला आसतास," ते म्हणाले. "ह्यो काय पोरीबाळींचा खेळ!" ते म्हणतात तर होऊ दे पोरीबाळींचा, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे पलीकडच्या शेतावर असताना, तुम्ही मला तिथं नेलंत. पदर खोचायला लावलात. मी फेकत होते, चेंडू खाचरात जात होता, तुम्ही चिखलातून आणून पुन्हा माझ्या हातात देत होता. "गुडघं वाकवा, मास्तरीणबाई. चेंडू हातानं जात न्हाई, पायांनी जातो." एकदाच तो कडीतून गेला. तुम्ही इतके मोठ्यानं ओरडलात की वरच्या आळीची कुत्री भुंकायला लागली. त्या दुपारसाठी मी तुमची ऋणी आहे. तेवढं कबूल करायला मला जड जात नाही.

लढाई संपली, पलटणीनं घरी पाठवलं, आणि मुंबईच्या एका गिरणीनं तुम्हाला खेळण्यासाठी नोकरीवर घेतलं. कागदावर पहारेकरी, काम खेळायचं. ते एक वर्ष खरं होतं. तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानात असायचात. गिरणीत काम करणारी आपली जावळीची माणसं सामना बघायला यायची, तुम्हाला खांद्यावर घ्यायची, आणि सणाला गावी आली की सांगायची. वर्तमानपत्रात संघाचा फोटो आला, मागच्या रांगेत अगदी कडेला तुम्ही. हेडमास्तरांनी तो शाळेत लावला. तुमचा सत्कार झाला, फेटा बांधला, आणि तो फेटा शाळेच्या चौकटीला अडकून खाली पडला. सगळे हसले. आबा हसले नाहीत, पण त्यांनी फेटा उचलला, झटकला आणि पुन्हा तुमच्या हातात दिला.

पुढच्या वर्षी गिरणीला तुमच्याहून उंच आणि वयानं लहान असा एक पंजाबी गडी मिळाला. तुम्हाला कापसाच्या खात्यात काम दिलं. तुम्ही ते सोडलंत आणि रेल्वेच्या संघात गेलात, पार तिकडे उत्तरेला. तिथून काठेवाडातल्या एका संस्थानात. राजाला खेळांचा नाद होता. त्यानं राहायला खोली दिली, दूध दिलं. मग संस्थानं विलीन झाली, आणि राजाचा बँड, घोडे आणि तुमचा संघ, सगळं एकदमच बरखास्त झालं. नंतर पुण्याकडचा एक कारखाना. दर वेळी वेगळ्या रंगाचं बनियन घेऊन घरी यायचात. मी ती धुवून एकावर एक ठेवायची.

गाव म्हणायचं, आता रेल्वेनं मागून घेतला. आता राजानं बोलावला. तुम्ही ओसरीवर बसून ऐकत होता, पण कधी नाही म्हणाला नाहीत. मलाही तुम्ही खरं सांगितलं नव्हतं. मी गावाच्याच बाजूला बसून तुमच्याबद्दल ऐकत होते.

मग कारखान्याचा संघ सांगलीला येणार असं कळलं. प्रदर्शन होतं, त्यात सामने ठेवले होते. मी आबांना म्हटलं, मी जाणार. त्यांनी एका शब्दानंही अडवलं नाही. पहाटेच कोट घालून तयार होते. साताऱ्याहून मोटारीनं निघालो. वाटेतल्या गावांत, गांधीजी गेले तेव्हाच्या दंगलीत जळलेल्या घरांच्या भिंती अजून तशाच उभ्या होत्या. आबा दुसऱ्या बाजूला बघत राहिले.

सांगलीत मैदानाच्या एका अंगाला बायकांसाठी सतरंज्या घातल्या होत्या. आबा समोर पुरुषांत, दोरीला धरून उभे राहिले. संघ मैदानात आला. सगळ्यांत उंच तुम्हीच. शेजारच्या बाईला मी सांगितलंसुद्धा, "ते उंच आहेत ना, ते आमचे." शिट्टी वाजली आणि तुम्ही बाकावर जाऊन बसलात.

मला वाटलं, असंच असतं, मोठा गडी मागून येत असेल. खेळ चालू राहिला. पोरं पळत होती, पडत होती, लोक ओरडत होते. तुम्ही टॉवेल मांडीवर घेऊन बसला होता. कुणी दमून बाहेर आला की त्याला टॉवेल द्यायचात, पाणी द्यायचात, पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगायचात. निम्मा खेळ झाला. शेजारची बाई म्हणाली, "लागलंय काय तुमच्या त्येंना?" मी म्हटलं, "व्हय, पायाला लागलंय."

अगदी शेवटी तुम्हाला हाक आली. समोरचा एक चपळ मुलगा आवरत नव्हता, त्याला अडवायला तुम्हाला उठवलं. तुम्ही त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहिलात. त्याचं कोपर तुमच्या बरगडीत बसलं ते मला दिसलं. तुम्ही त्याला एकदा अडवलंत, दोनदा अडवलंत, मग तुमचा धक्का लागून तो पडला, पंचानं शिट्टी मारली, लोकांनी तुमच्या नावानं आरडाओरडा केला, आणि तुम्हाला परत बसवलं. तुमचा संघ हरला. नंतर तुम्ही आमच्याकडे आलात आणि आबांना म्हणालात, "मांडी आखडली व्हती, म्हणून बसलो." आबा म्हणाले, "व्हय, व्हय. जप."

धर्मशाळेत आबा चहाला खाली गेले तेव्हा आपण भांडलो.

मी विचारलं, "किती दिवसांपासून बसता?"

तुम्ही म्हणालात, "रेल्वेपासून. मी राखीव गडी हाय. दुसरा पडला तर मी."

"मग घरी चला की आता. तात्या साताऱ्याला शाळेत कसरत-मास्तराच्या जागेचं बघतायत."

"न्हाई."

"बाकावर बसण्यासाठी घर सोडून राहायचं?"

तुम्ही खिडकीशी उभे होता, मान वाकवून, कारण छत बुटकं होतं. म्हणालात, "बाकावर बसतो, पर त्यांच्यात बसतो. तितं मी खेळनारा मानूस हाय. मेढ्यात मी निस्ता उंच मानूस हाय."

मी म्हटलं, "मेढ्यात तुम्ही माझे कोणी आहात की नाही?"

तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडलंत आणि खोकला आला. तो थांबेना. टॉवेल तोंडाला लावलात, पाठ फिरवलीत. मी तो टॉवेल ओढून घेतला. त्यावर रक्त होतं. मग भांडायला काही उरलं नाही. तुम्ही मला शपथ घातलीत की आबांना कळू द्यायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी संघाबरोबर निघून गेलात.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला कधी मिळालं नाही. दवाखान्यात मी ते विचारलं नाही. तिथं विचारायची सोय नव्हती.

मी आणि आबा मोटारीनं परतलो. मेढ्याच्या थांब्यावर माणसं वाट बघत होती. "काय आबा, काय झालं सांगलीला?" मी खाली उतरत होते. आबांनी धोतराचा सोगा सावरला आणि सांगितलं, "काय व्हनार? आमच्या ल्योकानं जिकला."

ज्या माणसानं तुमच्या खेळाला पोरीबाळींचा खेळ म्हटलं, तो चारचौघांत तुमच्यासाठी खोटं बोलत होता. मला त्यांचा राग आला. कारण त्या एका वाक्यानं तुमची घरी यायची वाट आणखी अरुंद झाली. गावाला माहीत असलेला दौलू परत येऊ शकत होता. तुम्ही कसे येणार?

आणि तसंच झालं. कारखान्यानं खोकला ओळखला आणि तुम्हाला सोडलं. तुम्ही मेढ्याला आला नाहीत, साताऱ्याला माझ्या माहेरीही नाही. थेट मिरजेला जाऊन दवाखान्यात पडलात आणि मग मला कळवलंत. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आलात. मी रजा घेतली. आबांना सांगितलं, संघ दक्षिणेत खेळायला गेलाय आणि तात्यांना बरं नाही, मी तिकडे जाते. तुमच्यासाठी तेही केलं.

गावात तुम्हाला आंबेमोहोराचा भात मिळाला असता. नदीचा वारा मिळाला असता. तुमचा आजार पाहून लोकांनी भांडी वेगळी ठेवली असती, हेही मला माहीत आहे. पण मधल्या घराच्या दाराशी तुमच्या उंचीची खाट सुताराकडून करून घेतली असती. पाय बाहेर राहिले नसते.

दवाखान्यात तुम्ही एकदाच खेळाबद्दल बोललात. ताप उतरला होता, व्हरांड्यात खाट काढली होती. मी विचारलं, राखीव गडी बसून बसून करतो काय? तुम्हाला तो प्रश्न आवडला. उठून बसायला बघत होता. म्हणालात, सामना असेल त्याच्या आधी समोरच्या संघातला मोठा गडी कसा खेळतो ते तुम्ही बघून ठेवायचात. मग सरावाला तुम्ही तो गडी व्हायचात. तो डावीकडून येत असेल तर डावीकडून. तो पाय ओढून पळत असेल तर तसंच. तुमच्या संघातली पोरं तुम्हाला अडवायला शिकायची, म्हणजे त्याला अडवायला शिकायची. "मला कुनासारखं बी खेळता येतं," तुम्ही म्हणालात. "पंजाब्यासारखं, बंगलोरवाल्यासारखं, कुनाचं बी नाव सांगा."

मी म्हटलं, "आणि तुमच्यासारखं?"

तुम्ही स्टुलावरच्या पायांकडे पाहिलंत. "त्ये कुनी मागितलंच न्हाई," म्हणालात. मग म्हणालात, "पानी द्या."

त्यानंतर तुम्ही आठ-दहा दिवस काढलेत. ताप चढत गेला तसे तुम्ही पलटणीतल्या पोरांची नावं घेऊ लागलात, ज्यांच्या आया तुम्हाला विचारायच्या तीच. एकेकाला म्हणायचात, "चल रं, ऊठ." इतकी वर्षं ज्यांच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, त्यांना तुम्ही हाका मारत होता. मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी बाहेर जाऊन दाराला पाठ लावली. मी आत राहिले. माझं नाव तुम्ही घेतलं नाही. नवरे बायकांचं नाव घेत नाहीतच, पण त्या दिवसांत घेतलं असतं तर चाललं असतं.

आबा राख सावडायला पोचले. तात्यांनी त्यांना सगळं सांगितलं, आजार, दवाखाना, मी बोललेलं खोटं. मला वाटलं ते मला काहीतरी बोलतील. त्यांनी कृष्णेच्या पाण्यात हात धुतले, काठावर बसले आणि मला हाक मारली, "पोरी, हितं ये."

मी जाऊन बसले.

"सांगलीस्नं आल्यावर म्या गावाला लबाड सांगितलं, आसं तुला वाटलं आसंल."

मी म्हटलं, "वाटलं."

आबा पाण्याकडे बघत म्हणाले, "त्येला हाक आली. त्यो उठला. बनियन खाली वढून नीट केलं आन् पळत आत ग्येला. तवाच मला जिकल्यागत झालं बघ. फुडचं काय म्या बघितलंच न्हाई. डोळं भरल्यालं. कोन जिकलं, कोन हारलं, मला अजून ठावं न्हाई."

त्यांनी असं काही तुम्हाला कधी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही त्यांच्याशी मांडी आखडल्याचं खोटं बोललात आणि ते तुमच्याशी "जप" एवढंच बोलले. तुम्ही दोघं एकमेकांना अडवायला इतके शिकला होता की मध्ये कुणाला शिरताच आलं नाही.

आता मी तुम्हाला न सांगितलेलं सांगते. धर्मशाळेत ते माझ्या ओठावर आलं होतं, पण मी गिळलं. ते मी बोलले असते तर भांडण तिथंच मिटलं असतं, तुम्ही हसत संघाबरोबर निघून गेला असता, आणि मला तर तुम्हाला घरी न्यायचं होतं.

सांगलीला तुम्हाला हाक आली, तुम्ही बाकावरून उठलात, तेव्हा मीही उठले. सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायकांत मी एकटी उभी. मागून ओरडा झाला, "आगं ए बाई, खाली बस की! आमाला दिसंना." कुणीतरी माझा पदर धरून ओढला. मी तो सोडवून घेतला. ते कोपर तुमच्या बरगडीत बसलं तेव्हा मी उभी होते. लोक तुमच्या नावानं ओरडत होते तेव्हा मी उभी होते. पंचानं तुम्हाला परत पाठवलं, तुम्ही बाकावर येऊन बसलात, टॉवेल तोंडाला लावलात, तेव्हा मी बसले.